लाओसमध्ये पपईचं सॅलड खाताय? या चुका टाळा

व्हिएन्टियान किंवा लुआंग प्रबांगला गेलेली आपली मंडळी परत येऊन दोनच गोष्टी सांगतात. "ते पपईचं सॅलड? बाप रे, तोंड भाजलं," नाहीतर "काही खास नाही, गोडच होतं." दोन्ही वेळा दोष पपईचा नसतो. ताम माक हुंग, म्हणजे हे कच्च्या पपईचं सॅलड, तुमच्यासमोर, तुमच्या सांगण्यावरून कुटतात. मातीच्या उंच उखळीत लाकडी मुसळ पडायच्या आत बोललात तर बोललात. नंतर "थोडं तिखट कमी करा ना" म्हणण्यात अर्थ नाही, मिरची काही परत निघत नाही.

पहिली चूक: मिरचीची फुशारकी

ही आपली खास मराठी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मेकाँगच्या काठी एका हातगाडीवर आमच्या गटातले कोल्हापूरकडचे एक काका उभे होते. गाडीवरच्या मावशींनी मिरच्या दाखवून बोटांनीच विचारलं, किती? काकांनी दोन्ही पंजे उघडले. मावशी हसल्या, पुन्हा विचारलं. "टाका हो, आम्ही ठेचा खातो." मावशींना शब्द कळला नाही, पण आव बरोबर कळला. त्यांनी मूठभर मिरच्या उखळीत टाकल्या. तिसऱ्या घासाला काका गप्प, चौथ्याला डोळ्यांत पाणी. मग बर्फाचं पाणी ढोसायला लागले आणि सगळंच बिघडलं. तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तो फक्त तोंडभर पसरतो.

मुळात ठेच्याशी तुलनाच चुकीची आहे. ठेच्यातली मिरची तव्यावर तेलात परतलेली असते, सोबत लसूण-दाणे असतात, आणि भाकरीबरोबर आपण बोटाच्या पेराएवढा खातो. इथे मिरची कच्ची, तेलाचा थेंब नाही, वर लिंबाचा रस, आणि खायचं ताटलीभर. म्हणून माझी सवय एकच आहे: नव्या गाडीवर पहिल्यांदा एक बोट दाखवायचं. सोबत 'फेत नोय' म्हणायचं, म्हणजे थोडंच तिखट. चव बघून दुसरी ताटली दोन मिरच्यांची. अजिबातच नको असेल तर 'बो फेत', पण तरी आधीच्या गिऱ्हाइकाची मिरची उखळीला लागलेली असतेच. एवढा धीर नसेल तर खुशाल नूडल्स खा, कुणी अडवलेलं नाही.

तोंड भाजलंच तर पाण्याऐवजी चिकट भात खा. बांबूच्या छोट्या टोपलीत येतो तो. बोटांनी लहान गोळा करायचा, एरवी सॅलडच्या रसात बुडवून खायचा, भाजलेल्या तोंडाला मात्र नुसताच. टोपलीचं झाकण उघडं टाकू नका, भात वाळून कडक होतो. भात न मागवता नुसतं सॅलड खाणारे लोक बघितले की मला त्यांच्या पोटाचीच काळजी वाटते.

दुसरी चूक: "फिश सॉस नको" म्हटलं की शाकाहारी झालं

नाही झालं. लाओसला समुद्र नाही. तिथली खरी चव पाडेकची, म्हणजे गोड्या पाण्यातले मासे, मीठ आणि तांदळाचा कोंडा महिनोन्‌महिने मुरवून केलेला दाट, करडा, उग्र रस. पातळ फिश सॉस वेगळा, पाडेक वेगळं, दोघांच्या बरण्याही वेगळ्या. तुम्ही 'फिश सॉस नको' म्हणता, मावशी मान डोलावतात, तो घालत नाहीत आणि डावभर पाडेक घालतात. त्यांचं काहीच चुकत नाही. एका पुणेकर ताईंनी अर्धी ताटली संपवल्यावर मला विचारलं होतं, "हा वास कसला?" त्यांचा पुढचा दिवस उपासात गेला.

तेव्हा 'बो साइ पाडेक' (पाडेक घालू नका) आणि फिश सॉससाठी 'बो साइ नाम पा', ही दोन्ही वाक्यं म्हणा. काही गाड्यांवर कोळंबीची पेस्टही असते, तिच्याकडेही बोट दाखवून मान हलवा. एवढं करूनही उखळ तीच राहते. कट्टर शाकाहारी असाल तर गाडीवर खाऊच नका, 'जे' पद्धतीचं शुद्ध शाकाहारी हॉटेल शोधा. मासे खाणाऱ्यांनी मात्र पाडेक वगळू नये. घरात सुकट भाजलेली चालते आणि इथे नाक मुरडायचं, हे मला पटत नाही. धास्ती वाटत असेल तर पाडेक उकळून, गाळून वापरणारी जागा निवडा. कच्च्या, कमी मुरलेल्या माशातून यकृतातले कृमी होण्याचा धोका खरा आहे.

बाकीच्या

गाडीवाले विचारतात, 'ताम लाओ की ताम थाय?', म्हणजे लाओ पद्धतीचं की थाय पद्धतीचं. ओळखीचं नाव ऐकून 'थाय' म्हणू नका. त्यात शेंगदाणे आणि साखर, मग घरी येऊन सांगणार की गोड होतं.

शेतातले छोटे खारवलेले खेकडे कवचासकट कुटून घालतात. ते कच्चेच असतात, आणि गोड्या पाण्यातल्या कच्च्या खेकड्यातून फुप्फुसाचे कृमी होऊ शकतात. मी सरळ 'बो साइ पू' (खेकडे घालू नका) म्हणतो.

आंबट, सालीसकट फोडी दिसल्या तर काढून टाकू नका. तो आंबाडा आहे, कोकण-गोव्याच्या माणसाला सांगायला नको.

गर्भवती असाल तर कच्ची पपई सोडा, तिचा चीक त्रासदायक ठरू शकतो.

आधीच किसून ठेवलेल्या पपईची गाडी मी टाळतो. हातात पपई धरून सुरीने टकाटका वार करत तिथेच कापणारी बाई शोधतो, थोडी रांग असली तरी.

आणि पार्सल नको. मीठ-लिंबू लागलं की पपईला पाणी सुटतं, हॉटेलवर पोचेपर्यंत पिशवीत मऊ पडलेल्या पपईचं खारट सूप झालेलं असतं. गाडीशेजारच्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसा, भाजलेली कोंबडी मागवा आणि तिथेच संपवा.