मतांवर ठरणारं व्हिडिओ चॅलेंज: मतं मिळवायची कशी?

टिकटॉक २९ जून २०२० ला भारतात बंद झालं, चॅलेंजचं वेड मात्र मोज, जोश, रील्सवर चालूच राहिलं. उखाणा, मंगळागौरीचे खेळ, घरच्या गणपतीची आरास. व्हिडिओ टाकायचा, लोकांनी मतं द्यायची. ‘व्हिडिओ चांगला असला की मतं आपोआप येतात’ असं सांगणाऱ्यांनी बहुधा एकदाही भाग घेतलेला नसतो.

आधी नियमांत बघा, मत कशाला म्हणतात. कुठे लाइक हेच मत, कुठे वेगळं बटण. कुठे रोज एक, कुठे अख्ख्या स्पर्धेत एकच. परीक्षकांचे गुण मिसळणार असतील तर तेही तिथेच कळतं.

व्हिडिओ उभा काढा, गाणं अ‍ॅपमधलंच घ्या, हॅशटॅग दिलाय तस्साच लिहा, खातं पब्लिक ठेवा. आणि शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. यादी मतांच्या क्रमाने लागत असेल तर वरचे व्हिडिओ जास्त लोकांना दिसतात आणि आणखी वर जातात.

आता खरी डोकेदुखी. मतं मागणं. मीही इथेच सगळ्यात जास्त अडखळले आहे. सोसायटीच्या, शाळेच्या, माहेरच्या ग्रुपवर लिंक टाकली की अंगठे भरपूर येतात, मतं येत नाहीत. ग्रुपवरचं काम कुणाचंच नसतं. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा; निरोप प्रत्येकाला स्वतंत्र पोचतो. मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मिळतो, एका यादीत २५६ जणांपर्यंत. जवळच्यांना सरळ फोन करा.

त्याआधी लिंक दुसऱ्याच्या फोनवर, जिथे स्पर्धेचं अ‍ॅप नाही अशा फोनवर, उघडून बघाच. पुष्कळदा ती प्ले स्टोअरवर नेते. अ‍ॅप घ्या, नंबर टाका, ओटीपी टाका, आणि एवढं करून समोर येतं मुखपृष्ठ, तुमचा व्हिडिओ नाहीच! मामा भलत्याच व्हिडिओला लाइक करून ‘दिलं गं मत’ म्हणून मोकळे. म्हणून स्पर्धक क्रमांक निरोपातच लिहा आणि मताच्या बटणाभोवती लाल गोल काढलेला स्क्रीनशॉट जोडा. मजकूर तीन ओळींच्या वर नको.

‘मावशी, ओटीपी सांग, मीच देते मत’ हे अजिबात करू नका. ओटीपी सांगायची सवय लावली की उद्या ती कुणालाही सांगेल. पैसे घेऊन मतं देणाऱ्यांच्या नादी तर लागूच नका. बनावट खाती पकडली गेली की मतं वजा होतात, कधीकधी स्पर्धकही बाद.

जिंकलात आणि रोख बक्षीस दहा हजारांच्या वर असेल, तर पॅन मागितला जातो; ३० टक्के टीडीएस कापतात, तो सरकारजमा होतो. पण बक्षीस सोडवायला कुणी ‘प्रोसेसिंग फी’ किंवा यूपीआय पिन मागितला तर फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही.