‘ट्रान्स’ने सुरू होणारे शब्द ओळखताना

ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या गाडीला आपण रोज ‘ट्रान्स-हार्बर’ म्हणतो आणि रबाळे-महापे परिसरातील औद्योगिक पट्ट्याला ‘टीटीसी’, म्हणजे ‘ट्रान्स ठाणे क्रीक’. ठाण्याच्या बाजूने पाहिले, तर हा पट्टा खाडीपलीकडे आहे आणि ‘ट्रान्स’ या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही नेमका तोच: पलीकडे, आरपार.

मुलांकडून इंग्रजी शब्दार्थ पाठ करून घेण्यापूर्वी ही एक किल्ली त्यांच्या हाती अवश्य द्यावी. ‘ट्रान्सपोर्ट’मधील ‘पोर्ट’ म्हणजे वाहून नेणे, म्हणून एका जागेहून दुसरीकडे नेणे ती वाहतूक. ‘ट्रान्सपरंट’ म्हणजे ज्याच्या आरपार दिसते ते, जसे खिडकीचे तावदान. भाषांतराला ‘ट्रान्सलेशन’ म्हणतात, कारण त्यात मजकूर एका भाषेतून पलीकडच्या भाषेत नेलेला असतो.

काही शब्दांत शेवटची अक्षरे गळून केवळ ‘ट्रा’ उरते, हे मात्र मुद्दाम दाखवावे. मला सर्वांत आवडणारे उदाहरण ‘ट्रॅडिशन’चे आहे, पलीकडे सोपवणे हा त्याचा मूळ अर्थ, आणि एका पिढीने दुसरीच्या हाती सोपवलेली गोष्ट म्हणजेच परंपरा. ‘ट्रान्झिस्टर’ हा शब्द मात्र ‘ट्रान्सफर’ आणि ‘रेझिस्टर’ यांच्या जोडणीतून घडवलेला आहे.