माथ्यावरच्या चरापासून विहिरीच्या मोटरीपर्यंत: गावच्या पाणलोटाचे काम कसे करावे

कमी पावसाच्या गावात पाणलोटाचे, म्हणजे पावसाचे पाणी अडवून जमिनीत मुरवण्याचे, काम करायचे ठरले की बहुधा सर्वांत आधी नाल्यात जेसीबी उतरतो. नाल्यातले काम दोन दिवसांत डोळ्यांना दिसते, फोटोही चांगले येतात. पण वरचा डोंगर उघडाबोडका ठेवून खाली खोदलेला खड्डा दोन-तीन पावसाळ्यांत गाळाने भरतो. म्हणून ‘माथा ते पायथा’ हा क्रम मोडू नये. तो पाळला तरी पाणी टिकेल की नाही, हे शेवटी मोटरी किती तास चालतात त्यावर ठरते, आणि या दुसऱ्या भागाविषयी ग्रामसभेत कोणी फारसे बोलत नाही.

सुरुवात शिवारफेरीने करावी. गाव नकाशा सोबत घेऊन उन्हाळ्यात एकदा आणि भर पावसात एकदा असे संपूर्ण शिवार पायी फिरावे. पाणी कोठे फुटते, कोठे जमते आणि कोणत्या ओहोळाला गढूळ येते हे पावसातच कळते. पाणलोटाची, म्हणजे ज्या भागातले पाणी एकाच ओढ्याला येऊन मिळते त्याची, हद्द आणि गावाची हद्द क्वचितच जुळतात, त्यामुळे माथा शेजारच्या गावात असेल तर त्या गावकऱ्यांशी आधीच बोलणे करावे. याच फेरीत आठ-दहा विहिरी निरीक्षणासाठी निवडून, दोरीला दगड बांधून, कठड्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे व वहीत तारखेसह लिहावे. ही नोंद नसेल तर कामाचा उपयोग झाला की तो पाऊसच चांगला होता, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.

डोंगरउतारावरच्या समतल चरांसाठी, म्हणजे उताराला आडव्या व एकाच पातळीत खोदलेल्या चरांसाठी, महागडे यंत्र लागत नाही. सारख्या लांबीचे दोन बांबू वरच्या टोकाला बांधून, मध्ये आडवी काठी ठोकून, शेंड्यावरून दगड लोंबकळता सोडला की ‘ए’ अक्षराच्या आकाराची चौकट तयार होते. ती वापरण्याआधी पारखून घ्यावी. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून त्या जागी खुणा कराव्यात आणि दोरी आडव्या काठीला जेथे छेदते तेथे रेघ मारावी. मग चौकट फिरवून उजवा पाय डाव्या खुणेवर व डावा उजव्या खुणेवर ठेवून दुसरी रेघ मारावी. या दोन रेघांच्या बरोबर मध्यावर दोरी येईल तेव्हाच दोन्ही पाय एका पातळीत आहेत, असे समजावे. एका गावात घाईपोटी आम्ही ही पारख केली नाही. चर नजरेला सरळ वाटत होता. पहिल्याच मोठ्या सरीत त्याचा पाट झाला आणि टोकाला भर फुटून खाली घळ पडली.

चर साधारण 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल ठेवतात. निघालेली माती उताराच्या खालच्या बाजूला, काठापासून थोडी जागा सोडून टाकावी, नाहीतर ती पुन्हा चरातच येते. चरात ठरावीक अंतरावर न खोदलेला आडवा टप्पा राखावा, म्हणजे एका ठिकाणी फुटले तरी सगळे पाणी तिकडे धावत नाही. भरावावर पावसाच्या तोंडाशी मारवेल, पवना यांसारखे गवत व सीताफळाच्या बिया टोकाव्यात, आणि किमान तीन वर्षे चराईबंदी पाळावी. चराईबंदीची खरी झळ शेळ्या पाळणाऱ्या घरांना बसते, तेव्हा कापून नेण्याच्या चाऱ्यात त्यांचा वाटा आधी ठरवावा. तसे न केल्यास बंदी कागदावरच राहते.

लहान ओहोळांत अनगड (न घडवलेल्या दगडांचे) दगडी बांध घालावेत. पाया तळात रुतवावा, दोन्ही टोके काठात घुसवावीत, मोठे दगड खालच्या बाजूस लावावेत आणि माथा मध्यभागी खोलगट ठेवावा, म्हणजे पुराचे पाणी काठ न कापता मधूनच जाते. उतारात रुतलेले, माती धरून ठेवणारे दगड मात्र उपटू नयेत. शेतातल्या बांधबंदिस्तीत सांडव्याकडे लक्ष द्यावे, कारण बांध सहसा तेथूनच फुटतो. नाला खोलीकरण सर्वांत शेवटी आणि गाळापुरतेच करावे. बेसाल्टच्या प्रदेशात पाणी मुख्यतः मुरूम व भेगाळ खडकात साठते. तो थर पार कापला तर नाला पाणी मुरवण्याऐवजी आसपासच्या विहिरींचे पाणी ओढून घेऊ शकतो.

आता पाण्याचा ताळेबंद, म्हणजे पाणी किती आले आणि किती लागते याचा हिशोब. एक हेक्टरवर पडलेला एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी. 1000 हेक्टरच्या गावात 500 मिलिमीटर पाऊस झाला तर 500 कोटी लिटर पाणी पडते. त्यातले सुमारे दहा टक्के भूगर्भात मुरले असे धरल्यास 50 कोटी लिटर हाती येतात. दोन हजार माणसांना रोजचे 55 लिटर दिले तर वर्षाला चार कोटी लिटर लागतात. ते आणि जनावरांचे पाणी आधी बाजूला काढावे. पाटपाण्यावरच्या उसाला हेक्टरी सुमारे दोन कोटी लिटर लागतात असे धरले आणि त्यातून पावसाचे 50 लाख वजा केले, तरी दीड कोटी विहिरीतून उपसावे लागतात. म्हणजे तीस-पस्तीस हेक्टर ऊस गावाचे मुरलेले सगळे पाणी पिऊन टाकतो. हरभऱ्याला 25 ते 30 लाख लिटर पुरतात आणि त्यातला काही वाटा जमिनीतली ओलच देते. हे आकडे चावडीच्या फळ्यावर मांडले की चर्चेचा सूर बदलतो.

नियम कसे करावेत याचे नमुने आपल्याकडेच आहेत. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी 1974 पासून उभ्या केलेल्या पाणी पंचायतीत पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे, तर घरातील माणसांवर ठरला, भूमिहीनांनाही तो मिळाला आणि ऊस वगळला गेला. हिवरे बाजार या गावाने शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली आणि पीकनियोजन पाण्याच्या ताळेबंदाला बांधले. यातली बंदी तेवढी उचलून वाटपाची रीत सोडली, तर ती गरिबांवरच पडते, असे माझे मत आहे.

ठिबक जरूर बसवावे, गाळणी नियमित धुवावी आणि लॅटरलची (पिकाच्या ओळीतल्या बारीक नळ्यांची) टोके उघडून साचलेला गाळ काढावा. परंतु ठिबकमुळे वाचलेल्या पाण्यावर आणखी एक एकर बागायत वाढवली तर उपसा तेवढाच राहतो, म्हणून ताळेबंदात ठिबकचे क्षेत्रही नोंदवावे. विहिरीचे पाणी उपसून प्लॅस्टिकच्या शेततळ्यात साठवणे टाळावे. जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी त्यामुळे उन्हात उघडे पडते. ऑक्टोबरमध्ये त्याच विहिरींची पातळी पुन्हा मोजावी, रब्बीची पेरणी होण्याआधी ग्रामसभा घेऊन कोणते पीक किती क्षेत्रावर घ्यायचे ते ठरवावे, आणि जानेवारी, मार्च व मे महिन्यांत तीच दोरी घेऊन पुन्हा विहिरीवर जावे.