कोळंबीवर प्रकल्प करताय? या चुका टाळा

बेळगाव-खानापूरच्या विद्यार्थ्यांना प्राणिशास्त्राच्या प्रकल्पासाठी कोळंबी सोयीची पडते. बाजारात नमुने मिळतात आणि चोर्ला घाट उतरला की मांडवीची खाडी आहेच. घोळ होतो तो पहिल्याच वाक्यात: 'कोळंबी समुद्रात राहते.'

पांढरी कोळंबी किंवा टायगर अंडी घालते समुद्रात. ती दिवसभरात फुटतात, डिंभक (अंड्यातून निघालेली अगदी लहान अवस्था) रूपं बदलत दोन-तीन आठवडे वाहत राहतात आणि मग भरतीबरोबर पिल्लं खाडीत शिरतात. खारफुटीच्या चिखलात काही महिने वाढली की परत समुद्रात जातात आणि तिथे प्रजोत्पादन करतात. आयुष्य साधारण वर्ष-दोन वर्षांचं, त्यामुळे दरवर्षीचा साठा बहुतांशी नव्या पिढीचा असतो. नुसती खाडी मोजली किंवा नुसता समुद्र मोजला, तर अर्धीच गोष्ट हाती लागते.

पण हे सगळ्यांना लागू करू नका. करिकाडी आख्खं आयुष्य समुद्रातच काढते. गोड्या पाण्यातला मोठा झिंगा याच्या बरोबर उलटा: वाढतो नदीत, पण त्याच्या डिंभकांना मचूळ पाणी लागतं. म्हणून जात आधी पक्की करा, बाकीचं नंतर.

'जवळा म्हणजे कोळंबीची पिल्लं' हे तर घरोघरी ऐकू येतं. जवळा वेगळा प्राणी आहे, पूर्ण वाढ झाली तरी दोन-तीन सेंटिमीटरचाच. खात्री करायला भिंग पुरतं. कोळंबीच्या पिल्लाला चालायच्या पायांच्या पाच जोड्या असतात, जवळ्याला शेवटच्या दोन नसतात. सुकटीत पाय मोडलेले असतात, तेव्हा हे ताज्या जवळ्यावरच बघा.

लांबीवरून वय काढताना नर-मादी एकत्र मोजणं ही मोठी चूक. मादी नरापेक्षा मोठी होते, त्यामुळे एकाच वयाचे दोन गट आलेखावर दोन पिढ्यांसारखे दिसतात. कोळंबी उताणी करा. पोहण्याच्या पायांच्या पहिल्या जोडीत मधोमध जुळलेला अवयव दिसला तर नर. चालायच्या शेवटच्या पायांच्या बुडाशी चपटी तबकडी असेल तर मादी. अगदी लहान पिल्लांत हे दिसत नाही, त्यांचा रकाना वेगळा ठेवा.

आता बाजार. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला 1 जून ते 31 जुलै बंदी असते. ऑगस्टमध्ये ढीग लागतात ते दोन महिने जाळी न पडल्यामुळे आणि पावसात खाडीतली पिल्लं बाहेर पडल्यामुळेही. त्यावरून 'संख्या अचानक वाढली' असं लिहू नका. जाळं किती तास ओढलं, त्या हिशेबानेच पकड मांडा. रात्रीची पकड दिवसाच्या पकडीशी ताडू नका, कारण कित्येक जाती दिवसा चिखलात दडतात. शिवाय टोपलीतली सगळी कोळंबी एकाच मापाची असेल तर विक्रेत्याला विचाराच, 'मामा, ही तळ्यातली काय?' ती व्हॅनामेई असू शकते. मूळ मेक्सिको ते पेरूच्या पॅसिफिक किनाऱ्याची ही जात भारतात 2009पासून परवानगीने पाळली जाते. तिच्यावरून खाडीतल्या साठ्याबद्दल काहीच कळत नाही.

क्षारता मोजताना भरती-ओहोटीची वेळ आणि खोली लिहिली नाही, तर तो आकडा फुकट. खारं पाणी जड, ते तळाशी असतं. पावसाळ्यात वरचं पाणी जवळजवळ गोडं लागतं.

खानापूरकरांच्या प्रकल्पात हमखास येणारं वाक्य म्हणजे 'म्हादईचं पाणी समुद्रात वाया जातं.' म्हादई म्हणजेच खाली गोव्यातली मांडवी. पावसाचं पाणी खाडीत पोषकद्रव्यं, गाळ, पालापाचोळा आणतं, आणि उतरलेली क्षारता हीच पिल्लांना बाहेर पडायची खूण. त्याला वाया म्हणायचं तरी कसं? पण म्हणून कोळंबी घटल्याचं सगळं खापर कळसा-भांडुऱ्यावर, म्हणजे म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायच्या कर्नाटकच्या योजनेवर, फोडणंही तितकंच घाईचं. म्हादईच्या 2,032 चौरस किलोमीटर खोऱ्यापैकी कर्नाटकात 375, गोव्यातच 1,580. शिवाय बारीक आसाची (छिद्रांची) जाळी आणि तुटलेली खारफुटी यांचाही हिशेब आहे. ही कारणं वेगळी करायची तर कित्येक वर्षांचे महिनावार पाऊस आणि पकडीचे आकडे लागतात, तेही पावसाशी पुढच्या महिन्यांची पकड ताडून. हातात एकाच हंगामाची नोंद असेल तर निष्कर्षात 'या हंगामात' हे शब्द गाळू नका.