क्रूझला निघालात? या चुका टाळा, आणि आधी घड्याळाकडे बघा

करोनाचा काळ सोडला तर गेली बारा वर्षं मी मराठी मंडळींचे गट घेऊन क्रूझवर जाते आहे. आधी सिंगापूरहून पेनांग-फुकेत, मग ग्रीस, आणि अलीकडे मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीप. बोटी बदलल्या, माणसं बदलली, चुका त्याच राहिल्या. निघण्याआधी मी सगळ्यांना एकत्र बसवून तासभर समजावते. निम्मी मंडळी मनापासून ऐकतात. उरलेल्यांच्या मनात असतं की पैसे भरलेत, आता सगळं आपोआप होईल. हॉटेलात ते चालतं, कारण तुम्ही बाहेर गेलात तरी हॉटेल जागचं हलत नाही. बोट हलते.

फोनवरची वेळ खरी मानणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. सिंगापूर आणि मलेशियाची वेळ एकच आहे. थायलंड त्यांच्या एक तास मागे. आमची बोट सिंगापूरहून सुटून फुकेतला लागली, तेव्हा बोटीवरची सगळी घड्याळं सिंगापूरच्याच वेळेवर होती. खिशातला फोन मात्र किनाऱ्याचा टॉवर पकडतो आणि न विचारता तासभर मागे जातो. आदल्या रात्री मी हे सांगितलं होतं. केबिनमध्ये टाकलेल्या कागदावरही ते छापलं होतं.

गटात ठाण्याचे एक काका-काकू होते. बँकेतून निवृत्त झालेले, अतिशय व्यवस्थित माणसं. बोट पातोंगच्या खाडीत नांगरून उभी होती आणि किनाऱ्यावर छोट्या बोटींनी ये-जा चालू होती. परतीची शेवटची छोटी बोट साडेचारला. काका-काकू टॅक्सी करून फुकेतच्या जुन्या गावात गेले. थलांग रस्त्यावरची ती रंगीत जुनी घरं बघण्यासारखी आहेतच. चार वाजले तरी दोघं दिसेनात म्हणून मी फोन लावला. काका शांतपणे म्हणाले, "अहो ताई, अजून दीड तास आहे, आम्ही कॉफी घेतोय."

मी ओरडलेच. "काका, बोटीवर चार वाजलेत! उठा आणि टॅक्सीत बसा!"

जुन्या गावाहून पातोंगला यायचं तर मधला डोंगर ओलांडावा लागतो, आणि दुपारनंतर त्या रस्त्यावर गाडी मुंगीच्या पावलांनी चालते. ते किनाऱ्यावर पोचले तेव्हा शेवटची बोट निघून वीस मिनिटं झाली होती. मोठी बोट समोर दिसत होती, तिच्या छोट्या बोटी वर ओढून घेण्याचं काम चालू होतं. मी आतल्या काउंटरवर हात जोडून उभी होते. तिथल्या अधिकाऱ्यानं माझं ऐकून घेतलं, पण दोन माणसांसाठी हजारोंचं वेळापत्रक मोडत नाहीत. त्यांनी माझ्यादेखत केबिनची तिजोरी उघडली, पासपोर्ट आणि काकांची मधुमेहाची औषधं एका पाकिटात घातली आणि कंपनीच्या स्थानिक एजंटाच्या होडीतून किनाऱ्यावर पाठवली. दुसऱ्या दिवशी दोघं स्वतःच्या खर्चानं विमानानं सिंगापूरला गेले. आम्ही बोटीतून उतरलो तेव्हा काकू धक्क्यावर उभ्या होत्या, पायात समुद्रावर नेलेल्या रबरी चपला. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मी विसरलेले नाही.

तेव्हापासून माझ्या मनगटावर साधं, सेलवर चालणारं घड्याळ असतं. बोटीत पाऊल टाकलं की काउंटरवरच्या घड्याळाशी ते जुळवायचं आणि सहल संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. फोनमध्ये आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करता येते, तीही करा. पण घरात एखादं जुनं घड्याळ पडलं असेल तर सेल घालून तेच आणा. शिवाय मी परतीची वेळ बॉलपेननं तळहातावर लिहिते आणि तिच्या दोन तास आधी पाय मागे वळवते. लांब जायचं असेल तर बोटीच्याच कंपनीची सहल घ्या. ती महाग असते, हे मान्य. पण त्यांच्या बसला उशीर झाला तर बोट थांबते, नाहीतर तुम्हाला पुढच्या बंदरात पोचवण्याची जबाबदारी ते घेतात. "बाहेर निम्म्या पैशात होतं" म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, की उशीर झाला तर तो टॅक्सीवाला काय करेल?

सुटायच्या दिवशी घरून निघणं

पुण्याची मंडळी हे हमखास करतात. दुपारी बॅलार्ड पिअरला हजर व्हायचं असतं आणि सकाळी नऊला कोथरूडहून गाडी काढतात. बोरघाटात एक ट्रक आडवा झाला की संपलं. बोटीत चढण्याची मुदत सुटण्याच्या बरीच आधी संपते, कारण प्रवाशांची यादी बंद करून द्यावी लागते. आदल्या रात्री मुंबईत मामाकडे, मावशीकडे, कुठेही मुक्काम करा. परदेशातून बोट पकडायची असेल तर विमानही आदल्या दिवशीचंच घ्या. यावर मी वाद घालत नाही.

बोट लागल्यावर गोळी शोधणं

माझी आजी देवगडची. भाऊच्या धक्क्याहून आगबोटीत बसताना तिच्या पिशवीत आलेपाक, लिंबू आणि कोरडे चुरमुरे असायचे. "बोट लागली की मग काही उपयोग नाही, आधीच तोंडात टाकायचं," असं ती म्हणायची. तिला कारण माहीत नव्हतं, पण सांगत होती ते बरोबर. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण हलतोय, डोळ्यांना दिसते केबिनची स्थिर भिंत. या दोघांच्या भांडणातून मळमळ सुरू होते. एकदा उलट्या लागल्या की पोटात गोळी टिकतच नाही.

म्हणून अ‍ॅव्होमिनसारखी गोळी बोट हलायच्या तास-दोन तास आधी घ्यायची असते. तीही घरच्या डॉक्टरांना विचारून, कारण तिनं झोप येते आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या ज्येष्ठांना ती बाधू शकते. दोन वर्षांखालच्या बाळांना तर ती देऊच नये. पोट रिकामंही नको आणि तुडुंबही नको. त्रास वाटला की केबिनमध्ये फोन बघत पडू नका. मधल्या उघड्या डेकवर या, वारा घ्या आणि क्षितिजावर नजर ठेवा.

खरी चूक मात्र बुकिंग करतानाच झालेली असते. "सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची, बाल्कनीवाली द्या." सी-सॉच्या फळीचं टोक जास्त हलतं, मधला भाग कमी. बोटीचंही तसंच आहे. साताऱ्याच्या एका कुटुंबानं माझं न ऐकता वरच्या मजल्यावरची अगदी पुढची केबिन घेतली आणि आजोबांनी दोन रात्री डोक्यावर टॉवेल घेऊन काढल्या. गाडी लागणारं कुणी घरात असेल तर खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मधोमध असलेली केबिन मागा. ती सहसा स्वस्तही पडते. मजल्यांचा नकाशा बघताना वर नाचाचा हॉल किंवा खाली थिएटर नाही ना, तेही तपासा. आणि पावसाळ्यात अरबी समुद्रातल्या सहलीचा हट्ट धरू नका. तेव्हा मुंबईहून या सहली बंद असतात, आणि त्या बंद असतात हेच बरं आहे.

सुरक्षेची कवायत टाळणं

इथे माझा आवाज चढतो. बोट सुटण्याआधी प्रत्येक प्रवाशानं आपल्या ठरलेल्या जागी जायचं असतं आणि लाइफ जॅकेट कसं घालायचं ते बघायचं असतं. आपल्याकडची माणसं केबिनमध्ये लपतात, नाहीतर मुलाला पाठवून हजेरीसाठी सगळ्यांची केबिनची कार्डं टेकवून आणायला सांगतात.

१३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया ही बोट खडकावर आदळली. तिच्यावर चार हजारांहून जास्त माणसं होती, त्यातली ३२ गेली. त्या संध्याकाळी चिविताव्हेक्किया बंदरात चढलेल्या प्रवाशांची कवायत दुसऱ्या दिवसावर ठेवलेली होती. तेव्हाच्या नियमात २४ तासांची सवलत होती. आदळण्याआधी त्या माणसांना बोटीवर येऊन फार तर काही तास झाले होते. त्यानंतर नियम बदलला: कवायत बोट सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर झालीच पाहिजे. आपल्याला तर इटलीपर्यंत जायची गरजही नाही. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. कोकणातल्या किती घरांत ती आठवण अजून जिवंत आहे.

सात आखूड भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. तो पाठ करा. कवायत झाली की मी माझ्या गटाला केबिनपासून जमायच्या जागेपर्यंत जिन्यानं एकदा चालवते. संकटात लिफ्ट वापरायची नसते. गुडघे दुखणाऱ्यांनाही मी नेते, सावकाश, हात धरून.

व्हिसावर किती वेळा प्रवेश आहे ते न बघणं

ग्रीसच्या क्रूझमध्ये बरेचदा तुर्कस्तानचं कुशादासी बंदर असतं. तिथे बोट लागली की तुम्ही शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर गेलात, आणि परत ग्रीसला येणं म्हणजे दुसरा प्रवेश. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर पिरेअसला, म्हणजे अथेन्सच्या बंदरात, चढतानाच काउंटरवरून परत पाठवतात. माझ्यासमोर एका नवविवाहित जोडप्याचं असं झालं. व्हिसाचा अर्ज त्यांनी घाईत स्वतः भरला होता आणि त्या एका चौकोनाकडे कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. पासपोर्ट हातात आला की तारखेच्या आधी प्रवेशांची संख्या वाचा.

लक्षद्वीपला जाणाऱ्यांसाठी थोडं वेगळं

आगत्ती बेटाला मोठी बोट किनाऱ्याला लागत नाही. हर्णैला पूर्वी आगबोटीतून पडावात उतरायचे, तसंच इथे छोट्या होडीत उतरावं लागतं. खाली होडी हलत असते, वरून तुम्ही पाय टाकायचा असतो. त्यामुळे गुडघ्यांबद्दल खरं सांगा. "जमेल हो" म्हणून ऐनवेळी मधेच अडकलेल्या एका आजींना चार खलाशांनी उचलून घेतलं होतं. त्यांना किती ओशाळं वाटलं ते मी पाहिलं आहे. समुद्र खवळलेला असेल तर कप्तान उतरवणंच रद्द करतो. तसं झालं की काउंटरवरच्या मुलांवर ओरडू नका, निर्णय त्यांचा नसतो आणि तो तुमच्या जिवासाठी घेतलेला असतो. बेटावर दारूबंदी आहे, पिशवीत काही नेऊ नका. आणि किनाऱ्यावरचं प्रवाळ उचलू नका. कितीही सुंदर दिसलं तरी तो वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

बाकीच्या, थोडक्यात

मोठी बॅग धक्क्यावर दिली की ती केबिनच्या दाराशी संध्याकाळपर्यंत येते. औषधं, चार्जर, पोहण्याचे कपडे आणि कागदपत्रं हातातल्या पिशवीत ठेवा.

गरोदरपणाचे २४ आठवडे होत आले असतील तर महिना लपवून जाऊ नका. बहुतेक कंपन्या त्यापुढे घेत नाहीत. बोटीवर डॉक्टर असतो, बाळंतपणाची सोय नसते.

इस्त्री, विजेची किटली, एक्स्टेंशन बोर्ड घरी ठेवा. समुद्रात आग ही सगळ्यात मोठी भीती असते.

संडासात कागदाखेरीज काहीही टाकू नका. तो हवेच्या ओढीवर चालतो, तुमच्या एका पॅडनं शेजारच्या केबिनचेही तुंबतात.

समुद्रात फोन विमान मोडवर ठेवा. बोटीचं स्वतःचं मोबाइल जाळं असतं आणि तिथलं एक साधं बोलणं बिलाच्या रूपानं अंगाशी येतं.

जेवणाआधी हात साबणानं धुवा. उलट्या-जुलाबाचा जो विषाणू बोटींवर पसरतो, त्याला नुसतं सॅनिटायझर पुरत नाही.

जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळी लिहून द्या. बफेच्या रांगेत मागून काही होत नाही.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, त्या रात्रीतून उचलून नेतात. बॅगेची चेन लावण्याआधी सकाळचे कपडे, चपला, चष्मा, गोळ्या आणि ओळखपत्र पलंगावर मांडून ठेवा, आणि प्रत्येक वस्तूला एकदा हात लावून बघा.