टेलिफोनच्या तारेवरून घरी ब्रॉडबँड: आधी तार तपासा, मग प्लॅन घ्या

तुमच्या दारापर्यंत फायबर आला असेल तर सरळ तोच घ्या. पण वाड्यावर फायबर यायचा आहे, मोबाईलची रेंज डोंगराआड अडते आणि ओसरीवर बीएसएनएलची जुनी लाईन अजून जिवंत आहे, अशी घरं गोव्यात सत्तरीपासून काणकोणापर्यंत आहेत. हा लेख त्यांच्यासाठी. त्या तारेवरून मुलांचा ऑनलाईन वर्ग, व्हिडिओ कॉल आणि बँकेचं काम नीट चालू शकतं. मात्र बहुतेक जण आधी प्लॅन निवडतात आणि तारेकडे सगळ्यात शेवटी बघतात. क्रम उलटा हवा.

कारण साधं आहे. फोनवरचं बोलणं 4 किलोहर्ट्झच्या खाली जातं आणि इंटरनेट त्याच तारेवरून त्याच्या बरंच वर, एडीएसएल टू प्लस या तारेवरच्या ब्रॉडबँडच्या प्रकारात 2.2 मेगाहर्ट्झपर्यंत. म्हणून बोलणं आणि नेट एकाच वेळी चालतं. पण हे वरचे सिग्नल तांब्यात लवकर विरतात. कागदावरचा 24 एमबीपीएस वेग एक्सचेंजच्या, म्हणजे लाईन जिथून निघते त्या टेलिफोन केंद्राच्या, अगदी जवळच मिळतो, तीन किलोमीटरवर 8 च्या आसपास आले तरी पुष्कळ, आणि पाचच्या पुढे एक-दोनवर समाधान मानावं लागतं. हे अंतर तारेचं, नजरेचं नव्हे. आपल्याकडे नदीपलीकडचं एक्सचेंज अंगणातून दिसतं, पण केबल पुलापर्यंत जाऊन, रस्त्याची सगळी वळणं घेत घरी येते.

लाईन ऐका

रिसीव्हर उचला आणि कुठलाही एक आकडा दाबा. डायल टोन थांबेल आणि काही सेकंद शांतता मिळेल. त्या शांततेत कान द्या. खरखर, गुणगुण किंवा दुसऱ्या कुणाचं बोलणं ऐकू आलं तर या लाईनवर नेट टिकणार नाही, प्लॅन कितीही महाग घ्या. ही तपासणी पाऊस पडून गेल्यावर करा. मे महिन्यात ठणठणीत वाटलेली लाईन जूनच्या पहिल्या आठवड्यात आपलं खरं रूप दाखवते.

मग खांबापासून घरापर्यंत तार नजरेने तपासा. ती माडांमधून येत असेल तर झावळी पडून कधीतरी तुटलेली आणि जोडलेली असण्याची शक्यता मोठी. असा जोड बहुधा वळचणीखाली सापडतो: दोन तारा पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. टेप सैल पडली की आत पाणी शिरतं आणि तांब्यावर हिरवट थर चढतो. समुद्राजवळच्या गावांत खाऱ्या हवेने हे आणखी लवकर होतं. फोनवरचं बोलणं त्या जोडातून कसंबसं पार होतं, नेट मात्र दर थोड्या वेळाने तुटतं. लाईनमनला सांगून डीपीपासून, म्हणजे खांबावरच्या जोडपेटीपासून, घरापर्यंत सलग, बिनजोड तार ओढून घ्या. या एका कामाने जो फरक पडतो तो महागड्या मोडेमने पडत नाही. जोड टाळता येतच नसेल तर जेली भरलेला कनेक्टर लावायला सांगा. तार भिंतीतून आत शिरते त्याच्या आधी तिला खाली झोळ द्यायलाही सांगा, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच ठिबकून जातं, आत येत नाही.

उघड्या तारेला ओला हात लावू नका. एरवी तिच्यावर 48 व्होल्ट असतात, पण घंटी वाजते तेव्हा चांगलाच झटका बसतो. खांबावर चढणं तर पूर्णपणे लाईनमनचं काम.

अर्ज

अर्जाआधी एक्सचेंजमध्ये जाऊन दोन गोष्टी विचारा: आमच्या लाईनसाठी ब्रॉडबँडचा पोर्ट (एक्सचेंजमधली जोडणीची जागा) रिकामा आहे का, आणि आमच्या वाड्यावर इतरांना प्रत्यक्षात किती वेग मिळतो. तांब्याची लाईन हळूहळू बंद करून फायबर देण्याचं धोरण असल्याने पहिल्या प्रश्नाचं उत्तर कधी 'नाही' असंही येतं. मग फायबर कधी येणार हे तिथेच विचारून घ्या.

ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. आधार, वीजबिल, घरपट्टीची पावती जवळ ठेवा, भाड्याच्या घरात घरमालकाचं ना हरकत पत्रही. खरी अडचण वेगळीच असते. जुनी लाईन पुष्कळदा आजोबांच्या नावावर असते आणि आजोबा आज नसतात. मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती देऊन आधी नाव बदलून घ्या, तेवढे दिवस गेले तरी चालतील. मागचं बिल थकलेलं असेल तर तेही आधी भरा.

प्लॅन बघताना ठरलेला डेटा संपल्यावर वेग किती राहतो ते वाचा. आणि एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, हे विसरू नका: 8 एमबीपीएसवर सेकंदाला 1 मेगाबाईट उतरतो, म्हणजे 700 मेगाबाईटच्या फाईलला सुमारे बारा मिनिटं. लाईन 4 एमबीपीएसच पेलत असेल तर वरच्या प्लॅनचे पैसे वाया जातात.

मोडेम आणि स्प्लिटर

मोडेम भाड्याने घ्या किंवा विकत, पण तो टेलिफोनच्या तारेवर चालणारा डीएसएल मोडेमच हवा. दुकानातल्या साध्या वायफाय राऊटरला टेलिफोनची तार लावायची जागाच नसते.

स्प्लिटर म्हणजे बोलणं आणि नेट वेगळं करणारी तीन तोंडांची छोटी डबी. भिंतीवरून येणारी तार 'लाईन' लिहिलेल्या तोंडात, फोन 'फोन'मध्ये, मोडेम तिसऱ्यात. माजघरात दुसरा फोन असेल तर तोही स्प्लिटरच्या फोनच्या बाजूनेच जोडा. तो थेट मुख्य तारेवर राहिला तर घंटी वाजली की नेट तुटतं. ही तक्रार फार ऐकू येते, आणि कारण जवळजवळ नेहमी हेच निघतं.

मोडेम चालू केला की डीएसएलचा दिवा बघा. तो लुकलुकत राहिला तर दोष तारेत. तो स्थिर आणि इंटरनेटचा दिवा बंद किंवा लाल असेल तर तार ठीक आहे, युजरनेम, पासवर्ड किंवा बिल तपासा. सेटिंगसाठी ब्राउझरमध्ये बहुतेक वेळा 192.168.1.1 टाकायचं. तिथल्या रकान्यांत भरायचं: प्रकार पीपीपीओई, व्हीपीआय 0, व्हीसीआय 35, आणि कंपनीने दिलेलं युजरनेम व पासवर्ड. मोडेमचा स्वतःचा 'ॲडमिन' हा पासवर्ड त्याच दिवशी बदला. 2017 च्या जुलैत असे न बदललेले पासवर्ड वापरूनच मालवेअरने भारतातले हजारो मोडेम बंद पाडले होते.

त्याच पानांवर लाईनची स्थिती दिसते. 'एसएनआर मार्जिन', म्हणजे खरखरीपेक्षा सिग्नल किती वर आहे ते, दहा डेसिबलच्या वर असेल तर लाईन चांगली, सहाच्या खाली गेली की नेट तुटणार. 'ॲटेन्युएशन', म्हणजे तारेत सिग्नल किती विरतो ते, जितकं कमी तितकं बरं, साठच्या वर असेल तर फार आशा धरू नका. हे दोन्ही आकडे पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.

चिऱ्यांच्या किंवा मातीच्या जाड भिंतींतून वायफाय फार लांब जात नाही. मोडेम कोपऱ्यातल्या खोलीत न ठेवता घराच्या मध्यावर, उंच ठेवा.

पावसाळा

वळवाच्या गडगडाटात मोडेमची विजेची पिन काढून भागत नाही, टेलिफोनची तारही काढा. वीज पडल्याचा झटका त्या तारेतूनही आत येतो आणि आमच्याकडे बरेच मोडेम असेच जळतात. वीज गेली तरी फोन चालू राहतो, कारण त्याला एक्सचेंजच्या बॅटरीवरून पुरवठा होतो. मोडेमला मात्र घरची वीज लागते, म्हणून त्याच्या ॲडॉप्टरइतक्या व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला तर सोयीचं पडतं.

नेट बिघडलं की आधी पुन्हा लाईन ऐका. खरखर असेल तर तक्रार 'नेट हळू चालतं' अशी न देता 'फोनवर खरखर येते' अशी द्या. पहिल्या तक्रारीवर मोडेम बंद करून चालू करा एवढंच उत्तर मिळतं, दुसरीवर लाईनमन घरी यायला हवा. तक्रार क्रमांक लिहून घ्या आणि दखल घेतली नाही तर तोच तक्रार क्रमांक घेऊन कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जा. लाईनमन आला की वहीतले पहिल्या दिवशीचे आकडे आणि आजचे आकडे त्याच्यापुढे ठेवा. मार्जिन चौदावरून पाचवर आलेलं दिसलं की दोष मोडेमपेक्षा तारेत शोधायचा हे त्याला लगेच कळतं.