अमेरिकेत बारावीचे विषय निवडताना

भारतातून मुलं घेऊन आलेल्या पालकांचा पहिला गोंधळ शाखेवरून होतो. अमेरिकेतल्या हायस्कुलात सायन्स-कॉमर्स नसतं, बोर्डाची परीक्षा नसते. नववी ते बारावी, चारही वर्षांचे गुण बघितले जातात. आणि इंजिनिअरिंगला जाणाऱ्यानेही इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं, परकीय भाषा हे पाचही शक्यतो शेवटपर्यंत ठेवावेत, अशी चुरशीच्या कॉलेजांची अपेक्षा असते. स्पॅनिश सोडून तिसरं सायन्स घेणं आपल्याकडे हुशारीचं वाटतं. तिथे ती उणीव दिसू शकते.

विषयनिवड बहुतेक शाळांत अकरावीच्या जानेवारी ते मार्चमध्ये होते. तेव्हा बारावीतला ऑक्टोबर डोळ्यांसमोर ठेवा, कारण कॉलेजचे अर्ज त्याच सुमारास भरायचे असतात. अर्ली, म्हणजे लवकरच्या फेरीतल्या, अर्जांची मुदत साधारण १ किंवा १५ नोव्हेंबर. कॉमन ॲपचा (अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामायिक अर्जाचा) मुख्य निबंध ६५० शब्दांपर्यंत, शिवाय कॉलेजागणिक वेगळे छोटे निबंध. दहा कॉलेजं, प्रत्येकी दोन निबंध धरले तरी वीस झाले. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज निराळा: आठांपैकी चार प्रश्न, प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत. हे काम म्हणजे पहिल्या सत्रातला एक अख्खा विषयच आहे, तो धरूनच ओझं मोजा.

कॉम्प्युटर सायन्सकडे जाणाऱ्या मुलासाठी एपी (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेतच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा विषय) कॅल्क्युलस बीसी, एपी फिजिक्स सी, एपी इंग्लिश लिटरेचर, साधं म्हणजे एपी नसलेलं गव्हर्न्मेंट (नागरिकशास्त्र), स्पॅनिश ४ आणि ऑर्केस्ट्रा हे वेळापत्रक दमदार आहे. अकरावीत दोन एपी झेपले असतील तर बारावीत तीन-चार घ्यावेत. एकदम सहा घेतले की ऑक्टोबरात निबंध आणि गुण दोन्ही घसरतात. घरचा अभ्यास किती असतो, हे आदल्या वर्षी त्याच शिक्षकांकडे तो विषय केलेल्या मुलाला विचारा. शाळेच्या माहितीपत्रकावरून ते कळत नाही. विषयांची काठिण्यपातळी शाळेत काय उपलब्ध आहे त्याच्या तुलनेत पाहतात, आणि ती पातळी शाळेचा काउन्सेलर (मार्गदर्शक) कॉलेजला पाठवायच्या रिपोर्टमध्ये नोंदवतो. त्यामुळे ज्या शाळेत पाचच एपी आहेत, तिथल्या मुलाने वीस एपीवाल्या शाळेशी बरोबरी करायची गरज नाही.

विषय बदलायचा असेल तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत. ही मुदत शाळेनुसार बदलते आणि ती उलटली की ट्रान्स्क्रिप्टवर (गुणपत्रकावर) ‘डब्ल्यू’, म्हणजे विषय सोडल्याची नोंद, येऊ शकतो. अर्ज गेल्यावर विषय सोडला, तर कॉलेजला लेखी कळवायलाच हवं. पहिल्या सत्राचे गुण साधारण जानेवारी-फेब्रुवारीत मिड-इयर रिपोर्टमधून जातात, अंतिम गुण जूनमध्ये. प्रवेश मिळाल्यावर एखाद्या विषयात डी किंवा एफ ग्रेड आली, तर प्रवेश रद्द होऊ शकतो.

मे महिन्यातली एपी परीक्षा मात्र वेगळी गोष्ट. तिची नोंदणी साधारण शरद ऋतूतच करावी लागते आणि निकाल जुलैत लागतो, म्हणजे प्रवेशाच्या निर्णयानंतर. बारावीतल्या एपी परीक्षेचा उपयोग मुख्यतः कॉलेजच्या क्रेडिटसाठी (पदवीसाठी लागणाऱ्या श्रेयांकांसाठी). ज्या कॉलेजात जायचं ते कोणत्या विषयाला, किती स्कोअरला क्रेडिट देतं, हे त्याच्या संकेतस्थळावर बघून मगच परीक्षा ठरवा.